स्मरणिकेसाठी मदत हवी: गावाची लोकसंख्या आणि वाड्या

कातळसडा
नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. नाव मुद्दाम देत नाही, पुढे वाचलंत की कारण कळेल. ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा होत आलाय आणि त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे. त्यातलं 'गावाची लोकसंख्या व समाजरचना' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. मुंबईकर मंडळात एक्सेल येणारा मी एकटाच, एवढीच माझी पात्रता.

समितीतल्या एका काकांनी मसुदा आधीच लिहून दिलाय. सुरुवातीला २०११ च्या जनगणनेचे आकडे, मग 'गावात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असून ही अभिमानाची बाब आहे', आणि शेवटी 'सर्व जातीधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात'. खेळ खलास.

मला हे पचत नाहीये. गाव वाड्यावाड्यांत पसरलेलं. कुणबीवाडी वरची आणि खालची, गुरववाडी, तेलीवाडी, सुतारांची मोजकी घरं, नदीच्या वळणावर मोहल्ला, नदीपलीकडे बौद्धवाडी, आणि जुन्या खोतांचा (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा) एक वाडा, ज्याला आता बारमाही कुलूप. जनगणनेच्या ओळीत यातलं काहीच दिसत नाही. घरं, एकूण माणसं, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे, न करणारे. बस्स.

तर प्रश्न असे. वाडीवार, समाजवार माहिती कुठे मिळते? बायका जास्त, याचा अर्थ काय लावायचा? आणि मुळात असं प्रकरण लिहावं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पडवी
रुमाल टाकून ठेवते. आमच्या गावच्या शाळेच्या शताब्दीला असंच एक प्रकरण छापलं होतं, त्यात अर्धं पान सरपंचांचा फोटो होता.

आकडेमोडी
'अभिमानाची बाब' आधी खोडा, मग बाकीचं बोलू.

२०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्राचा आकडा ९२९. मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की रत्नागिरीचे पुरुष कुठे आहेत ते वेगळं सांगावं लागत नाही. २००१ ला रत्नागिरीचं गुणोत्तर ११३६ होतं. गिरण्या होत्या तेव्हापासूनची ही रीत आहे: कमावता बाप्या मुंबईला, म्हातारे आणि बायको-पोरं गावाला. शून्य ते सहा वयोगटात बघा, रत्नागिरीतही मुली हजाराच्या खालीच आहेत. म्हणजे मुली जास्त जन्मत नाहीत, मुलगे मोठे झाले की गाव सोडतात.

दुसरं. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. चक्क घटली. त्या दशकात राज्यात फक्त तीन जिल्हे घटले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. गंमत अशी की चाकरमानी जिथून निघाला तो जिल्हा आटला आणि जिथे तो पूर्वी उतरायचा, ते लालबाग-परळही आटलं. माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. तुमच्या स्मरणिकेच्या देणगीदारांचे पत्ते चाळा, हेच दिसेल.

आणि एक विनंती. लहान गावासाठी बालकांचं लिंग गुणोत्तर छापू नका. समजा गावात सहा वर्षांपर्यंतची वीस मुलं आहेत, नऊ मुलगे, अकरा मुली. गुणोत्तर आलं १२२२. उद्या एक मुलगी सात वर्षांची झाली आणि एका घरात मुलगा जन्मला, की दहा-दहा, गुणोत्तर १०००. गावात काहीही घडलेलं नसतं, पण आलेख दाणकन आपटतो. नेटवरच्या पानांवर हा आकडा राज्याच्या आकड्याशी ताडून 'चिंताजनक' किंवा 'कौतुकास्पद' असा शेरा मारलेला असतो. हसावं की रडावं.

काडीपेटी
थोडक्यात काय, गावात सासवा, सुना आणि पोस्टमन.

आकडेमोडी
@काडीपेटी मनीऑर्डर बंद झाल्यावर पोस्टमनही गेला.

बालाघाट
कोकणातलं वाचून आमचं आठवलं. मी बीड जिल्ह्यातला, पाटोद्याकडचा. आमच्याकडे मोजणीच्या वेळी नवरा-बायको दोघंही गावात नसतात.

ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर चालू होतो तो पाडव्याच्या आसपासपर्यंत. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फेडायला 'कोयता' जातो. कोयता म्हणजे आमच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी. एका कोयत्याला दोन माणसं. २०११ ची मोजणी झाली फेब्रुवारीत. तेव्हा ही माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या तळावर कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत. तिथे कुणी मोजलं असेल तर ती तिथली लोकसंख्या झाली, नसेल मोजलं तर कुठलीच नाही. गावात राहिले म्हातारे-म्हाताऱ्या आणि शाळेपायी मागे ठेवलेली लेकरं. कागदावर आमचं गाव आहे त्याहून म्हातारं दिसतं.

बीडचा आणखी एक आकडा सांगतो, अभिमानाचा नाही. २०११ ला शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८०७ मुली. तो मात्र लहान आकड्यांचा खेळ नाही, जिल्ह्याचा आहे, लाखांवरून काढलेला. सोनोग्राफीची केंद्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

तुमच्या ओळीखाली एक तारीख टाका एवढंच म्हणतो. गाव ऐन फेब्रुवारीत वेगळं असतं आणि मे महिन्यात वेगळं.

निवृत्त_मास्तर
धागा उशिरा बघितला. मी २००१ आणि २०११ दोन्ही वेळा प्रगणक होतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

लहान गाव म्हणजे बहुतेक वेळा एक गणना गट. एका गटात साधारण सहाशे ते आठशे माणसं धरलेली असतात, म्हणजे तुमच्या गावाची अख्खी ओळ ही कदाचित एका शिक्षकाच्या हातची आहे. शाळा सांभाळून, दुपारनंतर. आधी नजरी नकाशा काढायचा: पायवाटा, विहीर, देऊळ, घरं बाणाच्या दिशेने क्रमांक घालून. तो नकाशा वाडीवारच असतो, कारण वाडी सोडून दुसऱ्या क्रमाने चालताच येत नाही. पण पुढे वरती जाते ती एकच बेरीज, महसुली गावाची. वाडीचा आकडा जनगणना प्रसिद्ध करत नाही. म्हणून कातळसडा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जनगणनेत वाडीवार मिळणार नाही.

मोजायचं कुणाला? २०११ ला प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी चालली. २८ च्या रात्री बेघर लोक मोजले, १ ते ५ मार्चला फेरफार तपासले. त्या दरम्यान जन्म-मृत्यू झाला असेल तर दुरुस्ती. १ मार्च २०११ चा आरंभ हा संदर्भक्षण. त्या पूर्ण काळात जो गावाबाहेर होता तो गावात धरायचा नाही, मग घर त्याच्या नावावर असो, रेशनकार्डात नाव असो, की शिमग्याला पालखी त्याच्या खांद्यावर असो. म्हातारी आई ओटीवर बसून पोरांची नावं एकामागून एक सांगायची आणि मी खोडत बसायचो. 'अरे पण तो माझाच ना?' यावर काय बोलणार.

कुटुंब म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारे. भाऊ एका घरात राहतात पण चुली दोन, तर कुटुंबं दोन. उलट घरं दोन आणि जेवण एकत्र, तर कुटुंब एक. म्हणून 'कुटुंबसंख्या' आणि ग्रामपंचायतीची घरं जुळत नाहीत, ती जुळवायच्या नादाला लागू नका.

आता कामाचा रकाना. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारा, त्याहून कमी तर सीमांतिक. एका घरात मी दादांना विचारलं, वहिनी काय करतात? 'काय नाय, घरातच असते.' वहिनी तेव्हा गोठ्यातून दुधाची कासंडी घेऊन येत होत्या. नियम असा होता की घरापुरतं दूध काढणं हेसुद्धा काम धरायचं. शेतात बिनमजुरीचं राबणंही काम. पण स्वयंपाक, धुणी, पाणी भरणं काम नाही. मग पुढचे प्रश्न मी वहिनींनाच विचारले. लावणी कोण करतं? कापणी? काजू कोण वेचतं? कवळं, म्हणजे राबासाठीच्या डहाळ्या, कोण तोडतं? दादा गप्प. सगळ्याच प्रगणकांनी एवढा वेळ दिला असेल असं मी म्हणणार नाही. एकोणतीस प्रश्न, माणूस माणूस करून, आणि उन्हं उतरलेली. एका घरात शेतकरीण, शेजारच्या घरात तेच सगळं करणारी 'काम न करणारी'. कोकणात एकपिकी भातशेती, म्हणून बऱ्याच बायका सीमांतिकमध्ये गेल्या. तुमच्या ओळीत 'काम न करणाऱ्या' बायका जास्त दिसल्या तर हे ध्यानात असू द्या.

साक्षरतेचं एक. टक्केवारी सात वर्षांवरच्या माणसांतून काढायची. पाळण्यातलं पोर निरक्षर धरून भागाकार केला की गाव उगाच मागासलेलं दिसतं.

पडवी
मास्तर, हे वेगळा लेख म्हणून टाका हो. वाचनखूण साठवली.

आंबेराई
आमच्या बागायती पट्ट्यात उलटाही प्रकार होतो. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी गडी येतात, मोहोराच्या आधीपासून आंबा उतरेपर्यंत. फेब्रुवारीत ते हमखास बागेतल्या खोपटात. जनगणनेत परदेशी नागरिकही मोजतात, फक्त वकिलातींची माणसं सोडून. म्हणजे गावचा मुलगा नालासोपाऱ्यात मोजला गेला आणि नेपाळचा गडी आमच्या गावात. माझी तक्रार नाही. बाग तोच सांभाळतो, मुलगा नाही. पण स्मरणिकेत त्याचं नाव कोण घालणार?

दप्तरी
वाडीवार माहितीचे मार्ग सांगतो.

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. त्यात घर, मालक, वाडी. बंद घरंही असतात, कारण घरपट्टी मुंबईहून येते (किंवा येत नाही, पण मागणी असते). चालू घरं आणि कुलूपबंद घरं असे दोन रकाने वाडीवार मांडलेत तर अर्धं प्रकरण तिथेच होतं. मतदार यादी वाडीवार बरी असते, पण कोकणात मुंबईकरांची नावं गावच्या यादीतही राहिलेली असतात, तेव्हा जपून. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर फार मोलाचं: कुठल्या वाडीची मुलं कुठल्या साली पहिल्यांदा शाळेत आली, हे त्यात दिसतं.

जातवार आकडा जनगणनेत मिळणारच नाही. सगळ्या जातींची मोजणी छापली गेली ती शेवटची १९३१ ला. त्यानंतर फक्त अनुसूचित जाती आणि जमाती. कुणबी, गुरव, तेली, भंडारी, मराठा हे सगळे 'एकूण वजा अनुसूचित' या गठ्ठ्यात. धर्माचे तक्तेही तालुका आणि शहरापर्यंतच प्रसिद्ध होतात, त्यामुळे मोहल्ल्याचा आकडा गावाच्या ओळीत शोधू नका.

जुन्या काळासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघा, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची नोंद, त्यात जातही लिहिलेली, बरंचसं मोडी लिपीत. २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हापासून ही दप्तरं पुन्हा उजेडात आली. १९१८ चं पान मिळालं तर जरूर बघा. इन्फ्लुएन्झाच्या साथीत मृत्यूच्या नोंदी कशा वाढत गेल्या ते दिसेल. १९११ ते १९२१ हे देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक, त्याचं मुख्य कारण तीच साथ.

काडीपेटी
एकविसाव्या शतकात देवळाच्या पुस्तकात जाती मोजताय. वा! 'सर्व समाज गुण्यागोविंदाने' हे वाक्य राहू द्या ना, कुणाचं काय जातंय?

चवदार
@काडीपेटी ज्यांचं जातंय त्यांना विचारून बघा.

कातळसडा, मीही रत्नागिरी जिल्ह्यातलीच, बौद्धवाडीतली, तालुका दुसरा. दोन गोष्टी सांगते. पहिली आकड्यांची.

तुम्ही जुन्या जनगणनांचा तक्ता करायला घ्याल तेव्हा अनुसूचित जातींचा आकडा १९६१ ते १९८१ लहान आणि १९९१ ला एकदम मोठा झालेला दिसेल. तिथे 'लक्षणीय वाढ' असं लिहू नका. १९५० च्या आदेशात फक्त हिंदू धर्मीय अनुसूचित जातीत मोजायचे होते. १९५६ ला शीख आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, पाठोपाठ कोकणातल्या वाड्याच्या वाड्या बौद्ध झाल्या, आणि धर्म बौद्ध सांगितला की अनुसूचित जातीच्या रकान्यातून नाव गेलं. १९९० ला कायदा बदलून बौद्धांचा समावेश झाला. राज्याचं प्रमाण १९८१ ला ७.१ टक्के होतं, १९९१ ला ११.१ झालं. माणसं तीच, घरं तीच. आजही प्रगणकाला यादीतलं जातीचं नाव लागतं आणि यादीत 'बौद्ध' अशी जात नाही. जे नाव टाकलं तेच नाव रकान्यासाठी पुन्हा सांगायचं, हा प्रसंग आमच्या ओटीवर दर दहा वर्षांनी येतो. माझी आजी प्रत्येक वेळी भांडायची.

दुसरी गोष्ट. तुमच्या देवळाच्या जुन्या व्यवस्थेत महारांना काम होतं आणि मानही होता. दवंडी, वाजप, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी टपाल पोचवणं. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी ती कामं सोडली, काही ठिकाणी त्यापायी बहिष्कार सोसला. १९५८ च्या कायद्याने वतनंही गेली. त्यामुळे बौद्धवाडी आणि ग्रामदेवता यांचं नातं हे बाकीच्या वाड्यांसारखं नाही, आणि ते तसं नसणं आम्ही निवडलेलं आहे. 'सर्व' या शब्दात आम्हाला परस्पर कोंबू नका. पालखी नदी ओलांडते का? वाडीने ती नको म्हटलंय, की गावाने कधी विचारलंच नाही? या दोन्हींत फरक आहे. तो लिहा. आणि बौद्धवाडीचा भाग तिथल्याच माणसाकडून लिहून घ्या.

काडीपेटी
मी काडी टाकली होती, वणवा अपेक्षित नव्हता. माघार.

पडवी
यात वणवा कसला? नीट समजावून सांगितलंय त्यांनी.

तांडेकर
चवदारताईंच्या मुद्द्याला जोडून. मी यवतमाळकडचा, तांड्यावरचा. आमच्या ग्रामपंचायतीत मूळ गाव आणि तांडा असे दोन भाग, पण महसुली गाव एकच, म्हणून ओळही एकच. तांड्यावर सगळे बंजारा, आणि ओळीत अनुसूचित जमातीचा आकडा जवळपास कोरा. कारण बंजारा तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. विमुक्त जाती-भटक्या जमातींना जनगणनेत वेगळा रकाना नाही. पैनगंगा ओलांडून पलीकडच्या नात्यात सोयरीक केली की पोरीच्या माहेरी जमात आणि सासरी 'इतर'. (महाराष्ट्रातही जमातीत घ्या ही मागणी योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको, धागा भरकटेल.)

उलटंही झालंय. १९७६ च्या कायद्याने आदिवासींच्या यादीवरची क्षेत्रमर्यादा (ठरावीक भागात राहणाऱ्यांनाच जमातीत धरायची अट) उठली. राज्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण १९७१ ला ५.९ टक्के होतं ते १९८१ ला ९.२ झालं. गावाच्या जुन्या तक्त्यात असा उडता आकडा दिसला की आधी कायद्याची साल बघायची.

आकडेमोडी
तांडेकर, +१. आणि कातळसडा, हे आकडे नुसते शोभेचे नाहीत. दीड हजारापर्यंत लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतीला सात सदस्य, पुढे तीन हजारांपर्यंत नऊ. सदस्यांमधलं अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षणही जनगणनेच्या आकड्यावर, आणि तो अजून २०११ चाच. जे फेब्रुवारीत कोप्यांत होते, त्यांचं वजन या हिशोबात कमी पडतं.

कातळसडा
सगळ्यांचे आभार. दरम्यान गणपतीला गावी जाऊन आलो. गौरी जेवल्या त्या दुपारी, गाव भरलेलं असताना, ग्रामसेवकांनी ठेवलेला नमुना ८ घेऊन वाडी वाडी फिरलो. घरासमोर टिंब: हिरवं म्हणजे बारमाही चूल पेटते, पिवळं म्हणजे सणापुरती, लाल म्हणजे दार उघडतच नाही. खालच्या कुणबीवाडीत पिवळ्याचा नुसता सडा. सुतारांत एकच हिरवं, तेही आजी एकटी. गुरववाडीत हिरवी बरीच, कारण देवळाची पूजा पाळीने करावी लागते, कुणीतरी गावात राहायलाच हवं. मोहल्ल्यात घरं नवी, रंग ताजा, पण कर्ते पुरुष आखातात. तिथे हिरवं टिंब दिलं तरी आत बायका आणि मुलंच. खोतांच्या वाड्याला लाल दिलं तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, 'त्याला लाल १९५० लाच लागला.' खोती रद्द झाली त्याबद्दल बोलत होते, त्यांच्या बापाने कुळ म्हणून कसलेली जमीन नंतर त्यांच्या नावावर झाली.

काकांना मी रत्नागिरी-मुंबईचे ते तीन आकडे दाखवले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, 'म्हणजे मी पस्तीस वर्षं परळला होतो ते ह्यात आहे म्हण.' अभिमानाची ओळ त्यांनी स्वतः खोडली.

'गुण्यागोविंदाने' मात्र सुटत नाहीये. बौद्धवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांचा भाग लिहाल का म्हणून विचारलं. लगेच हो म्हणाले, पण अट घातली: पालखी कुठून कुठे जाते तो मार्ग नकाशावर जसा आहे तसा छापा, नदीशी थांबते तर नदीशी थांबलेला दाखवा. समितीत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, देवळाच्या पुस्तकात हे कशाला. दुसऱ्यांचं, छापलं नाही म्हणून कुणाला माहीत नाही असं थोडंच आहे.

चवदार
अट रास्त आहे. आणि शीर्षकात वाडीचं नाव त्यांनी स्वतः जे सांगितलंय तेच घाला. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० ला घेतला, पण तुमच्या नमुना ८ मध्ये अजून जुनंच नाव असेल, तिथून नकळत उचललं जातं.

कातळसडा
आहे, जुनंच आहे. बरं झालं सांगितलंत, आमच्या तक्त्यात तेच आलं होतं. ते आता 'पलीकडली वाडी' म्हणतात, तेच घालतो.

दप्तरी
कोतवाल बुकाचं काय झालं?

कातळसडा
अर्ज दिलाय. मोडी वाचणारं कुणी इथे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मानधन समिती देईल (म्हणजे मी देईन).

निवृत्त_मास्तर
नव्या जनगणनेचं एक सांगून ठेवतो, तुमच्या मुंबईकर मंडळाच्या कामाचं आहे. २०२१ ची राहिली ती आता होणार, संदर्भदिनांक १ मार्च २०२७, आणि या वेळी सगळ्यांची जात विचारणार. १९३१ नंतर प्रथमच. होळी त्या वर्षी २२ मार्चच्या आसपास, म्हणजे शिमग्याला गाव भरेल तेव्हा प्रगणक घरी गेलेला असेल. २०११ लाही असंच झालं होतं, होळी १९ मार्चला होती. 'गावात नाव लावा' म्हणून मंडळाने कितीही ठराव केले तरी नियम तोच राहणार, जिथे राहता तिथे मोजणार. मुंबईतल्या घरी प्रगणक आला की दार उघडा आणि खरं सांगा, एवढंच मंडळाला कळवा.

काडीपेटी
मंडळाचा ठराव आधीच झालाय मास्तर. सगळ्यांनी फेब्रुवारीत रजा टाकून गावाला जायचं, म्हणजे सदस्य सातचे नऊ होतील.

निवृत्त_मास्तर
प्रगणक गावचाच शिक्षक असतो. त्याला कुणाच्या चुलीत राख आहे ते माहीत असतं.

कातळसडा
रविवारी दादरला समितीची बैठक आहे, नकाशाचा निर्णय तिथे होईल. टिंबांचा नकाशा छापायला मात्र सगळे तयार आहेत, फक्त लाल रंगाऐवजी राखाडी घ्या म्हणतात, स्मरणिकेला लाल बरा दिसत नाही. मसुदा झाला की इथे टाकतो. बालाघाट, तारखेची तळटीप प्रत्येक तक्त्याखाली घातली आहे.

आकडेमोडी
साक्षरता सात वर्षांवरची काढलीत ना?

कातळसडा
काढली.